परसबागेचे रक्षण : कीड व बुरशीवरील वनस्पतिजन्य उपाय

गणेश चतुर्थीला देवापुढे बांधली जाणारी माटोळी म्हणजे गोमंतकीय परसबागेचे वर्षातून एकदा भरणारे प्रदर्शनच होय. काकडी, दोडकी, चिबूड, भोपळा, नारळ, सुपारीचे घड आणि त्यांच्या जोडीला रानातील नाना प्रकारची फळे, असे जे जे परसात व डोंगरात पिकते ते ते या माटोळीत मानाने विराजमान होते. कोकणीत ज्याला ‘पोरसूं’ म्हणतात त्या परसाने गोव्यातील कुटुंबांना पिढ्यान् पिढ्या ताजी भाजी पुरविली आहे. परंतु चतुर्थीचा उत्सव आटोपून पावसाची उघडीप पडू लागली की याच परसात दुसरीच लगबग सुरू होते. मिरचीची पाने आकसू लागतात, वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दाटतो, वांग्याचे शेंडे माना टाकतात आणि वेलवर्गीय भाज्यांच्या पानांवर पिवळे डाग उमटू लागतात.

अशा वेळी गृहिणीपुढे दोन मार्ग असतात. बाजारातून कीटकनाशकाची बाटली आणणे हा पहिला. शेजारीपाजारी ऐकलेला एखादा घरगुती अर्क तयार करून फवारणे हा दुसरा. पहिल्या मार्गातील धोका सर्वविदित आहे. २०१७ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातील यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, ही घटना विसरता येण्याजोगी नाही. परसबागेच्या बाबतीत तर आणखी एक अडचण आहे. शेतातील धान्य घरात येईपर्यंत कित्येक आठवडे लोटतात. परसातील तांबडी भाजी मात्र सकाळी उपटली की दुपारी ताटात येते. रासायनिक औषधाच्या वेष्टनावर शेवटची फवारणी आणि काढणी यांमध्ये किती दिवसांचे अंतर ठेवावे हे छापलेले असते. भेंडी, मिरची, वाल यांसारख्या एक-दोन दिवसांआड तोडल्या जाणाऱ्या भाज्यांना हे अंतर पाळणे घरगुती व्यवहारात जवळजवळ अशक्य होऊन बसते. म्हणूनच झाडपाल्यापासून घरी तयार होणाऱ्या उपायांचे महत्त्व परसबागेत विशेष आहे.

तथापि, दुसरा मार्गही डोळे मिटून चालण्यासारखा नाही. पुष्कळदा घरगुती अर्क अंदाजाने केला जातो, अंदाजानेच फवारला जातो आणि गुण आला नाही म्हणजे ‘हे सर्व थोतांड’ असा निष्कर्ष निघतो. उलटपक्षी, झाडपाल्याचा म्हणून तो निरुपद्रवीच असणार असे गृहीत धरून निष्काळजीपणाही होतो. वस्तुतः वनस्पतिजन्य उपाय हे औषधच आहे. कोणत्या रोगावर, किती प्रमाणात आणि केव्हा हे तीन प्रश्न त्यालाही लागू पडतात. या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याने मिळविली, त्याच्या हाती हा उपाय खरोखर उपयोगी ठरतो.

जुनी परंपरा, नवी झाडे

वनस्पतींच्या रोगांचा विचार आपल्या देशात फार प्राचीन काळापासून झालेला आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय असून, रोगट भाग प्रथम शस्त्राने कापून काढावा आणि मग त्या जागी वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा, असा उपचार त्यात सांगितला आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीचा सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ हा ग्रंथ तर संपूर्णपणे याच विषयाला वाहिलेला आहे. रोगट भाग आधी काढून टाकावा व नंतर औषध लावावे, हा वराहमिहिराचा क्रम आजही तितकाच योग्य आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

परंतु परंपरा म्हणजे न बदलणारी गोष्ट नव्हे. आज घरगुती उपायांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींची यादी पाहिली तर मिरची, तंबाखू, सीताफळ, पपई आणि घाणेरी या सर्वांचे मूळ अमेरिका खंडात आहे. यांपैकी मिरची व तंबाखू तर पोर्तुगीजांच्या जहाजांतून या किनाऱ्यावर उतरली. कडुनिंब, करंज, निर्गुंडी, हळद या जुन्या वनस्पतींच्या पंगतीत या परदेशी पाहुण्यांना आपल्या पूर्वजांनी बसविले ते त्यांचा गुण अनुभवाने पारखूनच. ज्याला आपण परंपरागत ज्ञान म्हणतो ते अशा प्रकारे सतत प्रयोग करीत आलेले ज्ञान आहे. ते पुढे न्यायचे तर प्रयोगाची वृत्ती जपली पाहिजे.

प्रथम शत्रूची ओळख

औषध तयार करण्यापूर्वी पानाची खालची बाजू पाहण्याची सवय लावून घ्यावी. परसातील बहुतेक उपद्रव तीन गटांत मोडतात. पहिला गट रस शोषणाऱ्या किडींचा. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे, पिठ्या ढेकूण आणि कोळी हे त्यात येतात. पान चिकट होणे, त्यावर काजळीसारखा काळा थर चढणे आणि झाडावर मुंग्यांची ये-जा वाढणे ही मावा व पिठ्या ढेकणांची लक्षणे होत. दुसरा गट पाने, शेंडे व फळे कुरतडणाऱ्या अळ्या व भुंगेऱ्यांचा. तिसरा गट बुरशीजन्य रोगांचा.

मिरचीचा चुरडा-मुरडा हे ओळखीच्या अभावी होणाऱ्या फसगतीचे उत्तम उदाहरण आहे. पानांच्या कडा वरच्या बाजूस वळून वाटीसारखा आकार आला असेल तर तो बहुधा फुलकिड्यांचा प्रताप असतो. कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखे दिसू लागले तर कोळ्यांचा संशय घ्यावा. पाने लहान व पिवळी राहून झाड खुरटले तर पांढऱ्या माशीने पसरविलेला विषाणू त्याच्या मुळाशी असण्याचा संभव असतो. पहिल्या दोहोंवर फवारणीने गुण येतो. विषाणू एकदा झाडात शिरल्यावर मात्र कोणताही अर्क, कोणतेही रसायन उपयोगी पडत नाही. असे झाड उपटून नष्ट करणे हाच शेजारच्या झाडांना वाचविण्याचा मार्ग होय.

वांग्याच्या शेंड्यातील व फळातील अळीचेही तसेच आहे. ती एकदा आत शिरली की बाहेरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. सुकलेला शेंडा अळीसह कापून काढणे हे येथे पहिले काम. फवारणीचा उपयोग होतो तो अंड्यातून बाहेर पडलेली अळी आत शिरण्यापूर्वी.

निंबोळीचा अर्क

वनस्पतिजन्य उपायांत कडुनिंबाचे स्थान अग्रभागी आहे. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली असता जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटरर यांना आढळून आले की टोळांनी इतर झाडे फस्त केली, पण कडुनिंबाची झाडे हिरवीगार राहिली. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेत डॉ. एस. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या मगजाचे पाण्यातील मिश्रण उभ्या पिकावर फवारले, तेव्हा टोळ पिकावर उतरले खरे, पण त्यांनी ते खाल्ले नाही. पुढे १९६८ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी निंबोळीतून ‘अझाडिरॅक्टिन’ हे द्रव्य वेगळे काढले आणि या गुणाचे कारण उलगडू लागले.

हे द्रव्य किडीला तत्काळ मारीत नाही. प्रथम ते तिची भूक घालविते आणि नंतर तिच्या शरीरातील कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड घडविते. त्यामुळे अळी वाढीच्या पुढच्या अवस्थेत जाऊ शकत नाही. फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून निराश होणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. अर्काचा परिणाम मेलेल्या किडींच्या संख्येवरून जोखू नये. चार-पाच दिवसांनी पानांवर नवी भोके पडलेली आहेत की नाहीत, यावरून तो जोखावा. कोवळ्या, लहान अळ्यांवर हा अर्क प्रभावी ठरतो. पूर्ण वाढलेल्या अळ्या हाताने वेचणेच श्रेयस्कर.

पाच टक्के तीव्रतेचा अर्क करण्याची कृती सोपी आहे. परसबागेपुरता पाच लिटर अर्क हवा असल्यास वाळलेल्या निंबोळ्यांचा मगज अडीचशे ग्रॅम घेऊन भरड कुटावा. ही भरड अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी. सकाळी ती ढवळून तलम फडक्यातून गाळावी. चोथ्यावर पुन्हा थोडे पाणी घालून तो दोन-तीन वेळा पिळून घ्यावा; दुधासारखा पांढरट द्रव निघेनासा झाला की थांबावे. दहा ग्रॅम साधा कपडे धुण्याचा वडीचा साबण वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात मिसळावा आणि एकूण द्रव पाच लिटर करावा. साबणामुळे द्रव पानावर पसरतो व चिकटून राहतो. धुण्याची पावडर मात्र वापरू नये. तिच्यामुळे कोवळी पाने करपतात. साबणाऐवजी रिठ्याचे पाणी वापरण्याची जुनी रीतही चांगली आहे, कारण फेस आणणारे द्रव्य रिठ्यात निसर्गतःच असते.

हा अर्क त्याच दिवशी वापरावा. सूर्यप्रकाशात अझाडिरॅक्टिनचा लवकर नाश होत असल्याने फवारणी ऊन उतरल्यावर, सायंकाळी करावी आणि ती पानांच्या खालच्या बाजूसही पोहोचेल याची काळजी घ्यावी. पावसाने पाने धुऊन निघाल्यास फवारणी पुन्हा करावी लागते. एरवी कीड दिसत असेपर्यंत सात ते दहा दिवसांच्या अंतराने ती करणे पुरेसे होते.

कोकणपट्टीतील अतिवृष्टीच्या हवेपेक्षा घाटमाथ्यापलीकडील कोरड्या पठारी मुलखात कडुनिंब अधिक जोमाने वाढतो. बेळगाव-धारवाडकडे नातेसंबंध असलेल्या कुटुंबांना निंबोळ्या आणविणे कठीण नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाच्या आरंभी पिकून गळलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, बिया सावलीत वाळवाव्यात आणि हवा खेळेल अशा गोणपाटाच्या पिशवीत ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत त्यांना बुरशी येते व गुण नाहीसा होतो. वर्षाहून जुन्या बियांवर विसंबू नये. निंबोळ्या न मिळाल्यास बाजारातील निंबोळी तेल एका लिटर पाण्यास एक लहान चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, या प्रमाणात वापरता येते. तेल प्रथम साबणाच्या दाट पाण्यात चांगले घोटावे व मग हळूहळू पाणी घालीत जावे. तसे न केल्यास तेल वर तरंगते, शेवटच्या फवाऱ्यात ते एकदम पानांवर उतरते आणि पाने भाजतात.

इतर उपयुक्त उपाय

कडुनिंबाची उणीव गोव्यात करंज भरून काढू शकतो. खाडीकाठी व रस्त्याच्या कडेने तो मुबलक आढळतो. त्याच्या बियांचे तेल निंबोळी तेलाप्रमाणेच साबणात घोटून त्याच प्रमाणात वापरता येते. मावा व पिठ्या ढेकूण यांसारख्या मऊ अंगाच्या किडींवर तेल व साबण यांचा दुहेरी परिणाम होतो. साबण त्यांच्या अंगावरील मेणचट थर विरघळवितो आणि तेल त्यांची श्वसनछिद्रे बंद करते. यासाठी द्रव प्रत्यक्ष किडीच्या अंगावर पडला पाहिजे. पिठ्या ढेकणांचा कापसासारखा पुंजका आधी ओल्या फडक्याने पुसून काढून मग फवारणी केल्यास कमी अर्कात अधिक काम होते.

स्वयंपाकघरातील लसूण, आले व मिरची यांचा अर्कही सोयीचा आहे. सोललेली पन्नास ग्रॅम लसूण थोड्या तेलात रात्रभर भिजवावी. दुसऱ्या दिवशी पंचवीस ग्रॅम हिरवी मिरची व पंचवीस ग्रॅम आले घालून ती वाटावी. हे वाटण थोड्या पाण्यात कालवून तीन लिटर पाण्यात मिसळावे, दोन चमचे साबणाचे पाणी घालावे आणि गाळून फवारावे. हा अर्क मुख्यतः किडीला झाडापासून दूर ठेवण्याचे काम करतो. म्हणून कीड माजल्यावर तो करण्यापेक्षा पहिली लक्षणे दिसताच करावा.

काकडी, दोडकी, भोपळा यांची रोपे दोन-चार पानांवर असताना तांबडे भुंगेरे ती चाळणीसारखी करून टाकतात. त्यांच्यावर चुलीतील चाळलेली राख सकाळी पाने दवाने ओली असताना भुरभुरविण्याची चाल उपयुक्त आहे. सकाळच्या गारव्यात हे भुंगेरे सुस्त असतात. त्याच वेळी ते हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकणेही सोपे जाते.

अंगणातील तुळशीचाही येथे उपयोग होतो, पण तो नेमका जाणून घेतला पाहिजे. तुळशीच्या पानांत ‘मिथाइल युजेनॉल’ हे सुगंधी द्रव्य असते. आंबा, पेरू, चिकू यांना उपद्रव देणाऱ्या फळमाशीचे नर त्याच्याकडे ओढले जातात. करवंटीत पाणी घेऊन त्यात ताजी ठेचलेली तुळशीची पाने व साबणाचे थोडे थेंब घालून ती झाडाला टांगल्यास हे नर त्यात बुडून मरतात. मात्र काकडी व कारली यांची फळमाशी वेगळ्या जातीची असून ती या वासाला भुलत नाही. तुळशीचे सापळे काकडीच्या मांडवात टांगून कोणी वाट पाहत बसेल, तर दोष तुळशीचा नव्हे. काकडीसाठी किडकी फळे रोज वेचून खोल पुरणे आणि कोवळ्या फळांना कागदाचे वेष्टन बांधणे हाच भरवशाचा उपाय आहे.

बुरशीचे स्वरूप आणि उपाय

कीड डोळ्यांना दिसते. बुरशी दिसू लागते तेव्हा ती पानात पसरलेली असते. म्हणून बुरशीच्या बाबतीत औषधापेक्षा दक्षता मोठी. बहुतेक बुरशींची बीजे पानावर पाण्याचा थर काही तास टिकला की रुजतात. गोव्याच्या पावसाळी हवेत पान कोरडे राहणे कठीण असते. तरीही रोपांत मोकळे अंतर ठेवणे, गादीवाफ्यावर लागवड करून पाण्याचा निचरा करणे, जमिनीला टेकणारी खालची पाने काढणे आणि पाणी सकाळी, बुंध्याशी घालणे एवढ्याने पुष्कळ रोग टळतात. रोगट पाने वेचून बागेबाहेर नष्ट करावीत. ती खताच्या खड्ड्यात टाकल्यास रोग पुन्हा बागेत येतो.

भुरी हा रोग याला अपवाद आहे. तिला पानावर पाणी साचण्याची गरज नसते. म्हणून पाऊस संपल्यावर, रात्री थंड व दिवस कोरडे असताना भोपळा, काकडी, वाल यांच्या पानांवर पिठासारखे पांढरे डाग दिसू लागतात. घरगुती उपायांना सर्वांत चांगला प्रतिसाद देणारा बुरशीजन्य रोग हाच होय. पाच मिलिलिटर निंबोळी तेल एका लिटर पाण्यात साबणासह घोटून केलेली फवारणी, पहिले डाग दिसताच केल्यास, त्याचा फैलाव रोखते. किसलेली वीस ग्रॅम हळद दोनशे मिलिलिटर गोमूत्रात भिजवून, गाळून, दोन-तीन लिटर पाण्यात मिसळून फवारण्याचा उपायही प्रचलित आहे. दुधाचा उपयोग तर प्रयोगाने तपासला गेला आहे. ब्राझीलमधील संशोधक वॅगनर बेट्टिओल यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भोपळावर्गातील एका भाजीवर दुधाचे दहा टक्के पाणी दर आठवड्याला फवारले असता भुरी चांगली आटोक्यात आली. एक भाग दूध व नऊ भाग पाणी हे प्रमाण कोणत्याही घरात जमण्यासारखे आहे.

वाफ्यातील रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात तेव्हा दोष बहुधा दाट पेरणीचा व साचलेल्या पाण्याचा असतो. वाफ्याच्या मातीत पेरणीपूर्वी पंधरा-वीस दिवस निंबोळी पेंड मिसळल्यास जमिनीतील सूत्रकृमी कमी होण्यास मदत होते व खतही मिळते.

परंतु प्रत्येक रोग घरच्या अर्काने हटेल असे मानणे हानिकारक आहे. सुपारीच्या कुळागरातील कोळेरोग हे त्याचे ठळक उदाहरण. पावसाळ्यात घडांची कोवळी फळे कुजून गळतात, तेव्हा झाडपाल्याचा अर्क कामास येत नाही. तेथे पावसाळ्याच्या तोंडी व त्यानंतर सुमारे चाळीस ते पंचेचाळीस दिवसांनी एक टक्का बोर्डो मिश्रणाची, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना व शंभर लिटर पाणी यांच्या मिश्रणाची, फवारणी करणे आवश्यक ठरते.

या बोर्डो मिश्रणाचा इतिहास उद्बोधक आहे. फ्रान्समधील बोर्डो परिसरात रस्त्याच्या कडेची द्राक्षे चोरीस जाऊ नयेत म्हणून बागाईतदार वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. १८८२ मध्ये प्राध्यापक मिलार्दे यांनी पाहिले की केवडा रोगाने इतर वेली उघड्या पडल्या, पण रस्त्याकडेच्या वेलींची पाने शाबूत राहिली. तीन वर्षे प्रयोग करून, प्रमाण ठरवून, १८८५ मध्ये त्यांनी ही माहिती प्रसिद्ध केली. चोरांना दूर ठेवण्याची एक घरगुती युक्ती मोजमाप व निरीक्षण यांच्या जोरावर जगन्मान्य औषध बनली.

झाडपाल्याचे म्हणजे निरुपद्रवी नव्हे

तंबाखूचा काढा किडींवर जालीम आहे हे खरे. परंतु त्यातील निकोटीन माणसालाही तितकेच जालीम आहे आणि ते कातडीवाटेही अंगात भिनते. शिवाय टोमॅटो व मिरची यांना ग्रासणारा मोझॅक विषाणू तंबाखूतून व तंबाखू हाताळलेल्या हातांवाटे पसरतो. खाण्याच्या भाज्यांच्या परसात तंबाखूचा काढा वापरूच नये. कण्हेर, धोतरा व रुई यांचेही तसेच. अनेक झाडांच्या पानांचा मिळून केला जाणारा जो अर्क दशपर्णी नावाने प्रसिद्ध आहे, त्याच्या काही पाठांत या विषारी वनस्पतींचा समावेश असतो. पालेभाजीवर फवारण्यासाठी अर्क करताना त्या वगळाव्यात.

यासाठी काही नियम कटाक्षाने पाळावेत. अर्क स्वयंपाकाच्या भांड्यांत करू नये. उरलेला अर्क सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. मुलांच्या हाती तो लागण्याचा धोका असतो. मिरचीचा अर्क करताना व फवारताना डोळे व हात जपावेत, नाकातोंडाला फडके बांधावे आणि वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून फवारावे. नवीन अर्क प्रथम दोन-तीन पानांवर फवारून एक दिवस वाट पाहावी. पान करपले नाही तरच सर्व झाडांवर तो वापरावा. फवारलेली भाजी दोन-तीन दिवस तोडू नये व तोडल्यावर स्वच्छ धुऊन घ्यावी.

परसातील मित्र

फवारणीचा पंप हाती घेण्यापूर्वी माव्याच्या वसाहतीकडे क्षणभर निरखून पाहावे. तांबड्या पाठीवर काळे ठिपके असलेले लहान भुंगेरे व त्यांच्या काळपट, खरबरीत अळ्या तेथे दिसल्या, तर त्या मावा खाणाऱ्या मित्रकीटकांच्या आहेत हे जाणून थोडा धीर धरावा. अशा मित्रकीटकांचे सामर्थ्य किती असते याचे उदाहरण अलीकडचेच आहे. मध्य अमेरिकेतील पपईचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये दक्षिण भारतात प्रथम आढळला आणि पपई, तुती अशा अनेक पिकांची त्याने दैना उडविली. २०१० मध्ये त्याचे नैसर्गिक शत्रू असलेल्या परोपजीवी गांधीलवर्गीय सूक्ष्म माश्या परदेशातून आणून बेंगळुरू येथील राष्ट्रीय संस्थेमार्फत सोडण्यात आल्या, तेव्हा तो उपद्रव आटोक्यात आला. वनस्पतिजन्य अर्क रासायनिक विषांच्या मानाने मित्रकीटकांना सौम्य असले तरी साबण व तेल त्यांच्या अंगावर पडल्यास त्यांनाही मारक ठरते. म्हणून फवारणी कीड असलेल्या भागापुरतीच करावी. फुलांवर मधमाश्या येत असताना ती करू नये.

नोंदवहीचे महत्त्व

कडुनिंबाचे तेल बुरशीवर चालते ही गोष्ट भारतीय कुटुंबांना नवी नव्हती. तरीही १९९४ मध्ये अमेरिकेचे कृषी खाते व एक अमेरिकन कंपनी यांना, निंबोळी तेलाने वनस्पतींवरील बुरशी आटोक्यात आणण्याच्या पद्धतीबद्दल युरोपीय पेटंट कार्यालयाने पेटंट दिले. डॉ. वंदना शिवा व त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्यास हरकत घेतली. सुनावणीत प्रश्न उभा राहिला तो पुराव्याचा. आमच्याकडे हे पूर्वापार चालत आले आहे, एवढे म्हणणे पुरेसे नव्हते. पेटंटच्या अर्जापूर्वी, १९८५ व १९८६ मध्ये, महाराष्ट्रातील शेतांवर निंबोळी अर्काच्या फवारणीचे प्रयोग झाले होते, अशी साक्ष एका भारतीय उत्पादकाने दिली. २००० मध्ये हे पेटंट रद्द झाले आणि त्यावरील अपील मार्च २००५ मध्ये फेटाळण्यात आले. जे केव्हा, कोठे व कसे केले हे सांगता आले, तेच ज्ञान हक्काने आपले ठरले.

परसबागेच्या पातळीवरही हाच धडा लागू आहे. एक साधी वही ठेवावी. तीत तारीख, भाजीचे नाव, दिसलेले लक्षण, अर्काचे घटक व वजन, पाण्याचे माप, फवारणीची वेळ आणि पाच दिवसांनंतरची स्थिती एवढ्या गोष्टी लिहाव्यात. शक्य असल्यास वालाच्या एका ओळीवर अर्क फवारावा व दुसरी ओळ तशीच ठेवावी. दोहोंमधील अंतर डोळ्यांना दिसेल. तीन-चार हंगामांनंतर या वहीत जी माहिती जमेल ती त्या घराच्या जमिनीची, त्या वाडीच्या हवेची आणि तेथील किडींची असेल. तशी ती कोणत्याही छापील पुस्तकात मिळणार नाही. एखादा रोग ओळखता आला नाही तर रोगट पान कागदात गुंडाळून, वहीसह, जवळच्या विभागीय कृषी कार्यालयात न्यावे. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था गोव्याच्या हवामानातील पिकांवर संशोधन करीत असते, हेही लक्षात असू द्यावे.

घराघरांतील वयस्क स्त्रियांपाशी असे कितीतरी उपाय आजही जिवंत आहेत. कोणत्या झाडाची साल, कोणत्या महिन्यात, कोणत्या किडीवर, हे त्या सहज सांगतात. पण ‘मूठभर’ आणि ‘चिमूटभर’ यांच्या पलीकडे त्याचे माप कोणी लिहून घेतलेले नसते. घरातील शिकलेल्या मुलामुलींनी तराजू व वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे आणि त्यांची मूठ ग्रॅममध्ये मोजून लिहून ठेवावी. पुढील चतुर्थीच्या माटोळीत टांगली जाणारी काकडी अधिक निर्दोष तर होईलच, शिवाय ती पिकविण्याची विद्याही त्या घरात टिकून राहील.